वरचं पॅकिंग

गाडीचं पॅकिंग, म्हणजे दोन भागांमधली फट बंद करणारी पट्टी, गेलंय असं म्हटलं की मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, "वरचं की हेडचं?" उत्तर 'हेडचं' असेल तर आपल्या पोटात गोळा येतो. हेडचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, बसतं ते इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मध्ये. सिलिंडरमधल्या स्फोटांचा दाब, पाण्याच्या वाटा आणि ऑइलच्या वाटा यांना तिथे एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं. ते गेलं की पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात. मग टायमिंग बेल्ट उतरवा, हेड काढा, कड सपाट करायला फेसिंगला पाठवा आणि त्या महिन्याचं गणित विसरा. उत्तर 'वरचं' असेल तर तोच मेकॅनिक हात पुसत म्हणतो, "मग काय घाई नाही. सर्व्हिसिंगला आणाल तेव्हा बघू."

वरचं म्हणजे टॅपेट कव्हरचं. बॉनेट उघडल्यावर इंजिनावर सगळ्यात वर जे झाकण दिसतं, ज्यावर कंपन्या हौसेने आपलं नाव ओततात, ते टॅपेट कव्हर. त्याच्या खाली सिलिंडरच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारी यंत्रणा असते: फिरणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, त्याने हलणारे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. त्या सगळ्यावर ऑइल उडत असतं, पण दाब म्हणाल तर जवळपास नाहीच. उडालेलं ऑइल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढ्यासाठी झाकणाच्या कडेने रबराची एक पट्टी फिरवलेली असते. काम इतकं साधं की ती निकामी झाली तरी गाडी बंद पडत नाही. आणि जो बिघाड गाडी बंद पाडत नाही, त्याला आपल्याकडे बिघाड म्हणायची पद्धत नाही.

माझी गाडी 2001 सालची होंडा सिटी, दीड लिटर इंजिनाची. सिटी भारतात आली 1998 मध्ये, त्या पहिल्या पिढीतलीच ही. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, ते सोपस्कार मी करते. "अजून ठेवलीये ही?" या प्रश्नाला उत्तर देणं मात्र सोडून दिलं आहे.

या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागेच असतो. टॅपेट कव्हरच्या पुढच्या कडेतून पाझरलेलं ऑइल हेडवरून ओघळत थेट त्याच्यावर जातं. गाडी पळत असते तोवर वारा वास घेऊन जातो. सिग्नलला थांबलं की तोच वास एसीच्या जाळीतून आत येतो, जळका, घसा धरणारा. कात्रजचा घाट चढून गाडी बाजूला घेतली तर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर दिसायचा. धूर दिसेपर्यंत माणसं थांबतात, मीही थांबले होते. पण तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल ठिबकत राहणं ही नुसती वासाची गोष्ट नाही, त्यातून आगही लागू शकते. शिवाय या इंजिनात सगळं मिळून ऑइल बसतं सव्वातीन-साडेतीन लिटर. त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तर ते किरकोळ नव्हे. आणि पार्किंगमधल्या फरशीवरचे डाग सोसायटीच्या मिटिंगमध्ये विषयपत्रिकेवर यायला लागले होते, तो भाग वेगळा.

हे पॅकिंग त्याआधी एका गॅरेजमध्ये बदलून झालं होतं. निदान बिलावर तसं लिहिलं होतं. वर्षभरात पुन्हा गळायला लागलं म्हणून मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं, तर कव्हरच्या कडेने सिलिकॉनची, म्हणजे फट बुजवायच्या पेस्टची, जाड राखाडी वळी सगळीकडून बाहेर आलेली. जुनं पॅकिंग आतच होतं आणि त्याच्यावर सिलिकॉनचा लेप दिला होता.

आता मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट. कारखान्यांमधल्या कामाचे तास मोजण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे राग यायच्या आधी माझ्या डोक्यात तक्ता तयार झाला. कव्हर काढायला फार तर अर्धा तास. नवं पॅकिंग लावून कव्हर बसवायला तेवढाच वेळ. मधलं घासणं, पुसणं, खाचेतलं जुनं रबर आणि सिलिकॉन खरवडणं, याला दोन तास, जास्तही. पॅकिंगची किंमत ठरलेली, लेबर कामाच्या नगावर ठरलेलं, तासावर नव्हे. मागे नंबर लावून बाकीच्या गाड्या उभ्या. मग मालक वेळ वाचवणार कुठे? जिथे गिऱ्हाईक बघू शकत नाही तिथे. झाकण एकदा बसलं की आतली कड घासली होती की नव्हती, हे सांगायला फक्त ऑइल उरतं, आणि तेही बोलतं काही महिन्यांनी. त्या गॅरेजवाल्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. हे काम अवघड नाही, त्यात ताकद लागत नाही, फारशी हत्यारंही लागत नाहीत. त्यात लागतो तो रेंगाळलेला वेळ, आणि तो वेळ कुणालाच विकायला परवडत नाही. म्हणून ते स्वतः करायचं. पैसे वाचवायला नव्हे. तसे ते फार वाचतही नाहीत.

बाबांनी त्यांच्या गाडीचं पॅकिंग स्वतःच बदललं, दरवेळी. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची. नाव बदलून पद्मिनी झालं तरी घरात आणि गल्लीत ती फियाटच राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 अखेरपर्यंत तग धरून होती; आमची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. तिचं टॅपेट कव्हर पत्र्याचं होतं आणि पॅकिंग बुचाचं.

बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्याशिवाय साल काढत नाहीत, आणि एकदा काढली की तिथे पुन्हा नऊ वर्षं हात लावत नाहीत. झाड तोडावं लागत नाही. (पुण्यात रस्त्याकडेला ज्याच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते आपलं बुचाचं झाड निराळं.) इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी आलेली ती साल दुकानात खिळ्याला टांगलेली असायची आणि उन्हाळ्यात वाळून आकसायची. मग घरी आणून कव्हरवर ठेवली की भोकं जुळायची नाहीत. बाबा ती आदल्या रात्री कोमट पाण्याच्या परातीत भिजत घालायचे. आई परातीवरून बोलायची ते बोलायचीच. सकाळी पॅकिंग बरोबर मापात आलेलं असायचं.

बुचाचा एक गुण बाबांना माहीत होता, त्यामागचं कारण मला पुढे कळलं. बूच दाबलं तर ते दबतं, पण बाजूला फुगत नाही. त्याच्या पेशींमध्ये हवा भरलेली असते. रबराचं तसं नाही. रबर वरून दाबलं की त्याला बाजूला सरकायला जागा लागते, कारण त्याचं आकारमान कमी होत नाही. म्हणून आजकालच्या कव्हरना कडेने खाच असते, आणि ती खाच पॅकिंगपेक्षा थोडी रुंद असते. ती मोकळी जागा रबराच्या हक्काची. तिथे जुन्या सिलिकॉनचे तुकडे राहिले तर नवं पॅकिंग नीट बसतच नाही. कुठे उचललं जातं, कुठे चिरडतं. त्या गॅरेजच्या कामाचं वर्षभरात काय झालं याचं उत्तर एवढ्यात आलं.

पुण्यात गाडीचं कुठलंही सामान हवं तर नाना पेठ. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "वन थ्री का वन फाइव्ह? व्हीटेक का साधी?" मी सांगितलं. मग त्याने वर पाहिलं. "ताई, मिस्त्रींना पाठवा, ते बरोबर नेतील." म्हटलं, मिस्त्री मीच. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने दोन पाकिटं काउंटरवर ठेवली. लोकल शेकड्यात, ओरिजिनल हजारात. लोकलच्या कडेला साच्यातून आलेली रबराची पातळ झालर होती, ती नखाने सोलून निघत होती. ती झालर खाचेत दुमडली की गळतीला आयती वाट. ओरिजिनल घेतलं. सोबत चार प्लग-रिंगा आणि नटांखालचे रबरी वायसर मागितले. हे वायसर बरेच लोक मागत नाहीत, आणि पॅकिंग नवं असूनही नटाशेजारी ऑइल दिसलं की चक्रावतात.

घरी जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघण्यासारखं असतं. नव्याच्या पृष्ठभागावर बारीक उभट कडा असतात, बोटाला लागतात. त्याच दाबल्या जाऊन ऑइल अडवतात. जुन्याच्या कडा पार सपाट. वाकवलं तर कडकन मोडतं. कुकरची रिंग जशी वर्षभरात कडक होते आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ सुटायला लागते, तसंच हे. फक्त इथे वाफेच्या जागी तापलेलं ऑइल असतं आणि गॅस बारीक करायची सोय नसते.

काम काढलं ते सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. प्लगच्या चार वायरींना चिकटपट्टीवर एक ते चार आकडे लिहून चिकटवले. होंडाच्या या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, एक-तीन-चार-दोन. वायरींची अदलाबदल झाली की गाडी खोकत राहते आणि आपण पॅकिंगला दोष देत बसतो. वायर ओढायची ती बुटाला, म्हणजे टोकाच्या रबरी टोपीला धरून, वायरीला नव्हे. दुसऱ्या नंबरचा बूट वर आला तो ऑइलने निथळत. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत बोटभर ऑइल साचलेलं. सकाळी गाडी सुरू केल्यावर जी थरथर व्हायची तिचं मूळ इथे होतं: विहिरीच्या तोंडाशी असलेली रिंग कडक झाली की ऑइल आत उतरतं, बुटाचं रबर फुगतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी पोचण्याऐवजी कडेने निसटते. अशा वेळी आधी ऑइल टिपून घ्यायचं, मग प्लगला पाना लावायचा. आधी प्लग काढला तर साचलेलं सगळं सिलिंडरमध्ये जातं. मुलीने औषधाच्या सिरिंजला नळी लावून ते शोषून काढलं आणि "आई, हे अगदी डॉक्टरी आहे" असा शेरा मारला.

कव्हरवरचे टोपीवाले नट दहा नंबरचे. ते सहज निघाले. कव्हर मात्र हलेना, कारण सिलिकॉन. इथे भल्याभल्यांचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. फटीत टोक घालून उचकटायचं, की झालं काम. पण कव्हर अॅल्युमिनियमचं, हेडही अॅल्युमिनियमचं. स्टीलच्या टोकाने त्या कडेवर एक चर पडला तर तो जन्माचा, त्यातून नवं पॅकिंगही गळणार. लाकडी ठोकळा कडेला लावून रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलकं हलकं ठोकत राहिलं की कधीतरी 'चप्' असा आवाज येतो आणि कव्हर सुटतं.

झाकण उचललं आणि थोडा वेळ नुसतं बघत बसले. मधोमध कॅमशाफ्ट, तिच्या दोन्ही बाजूंना रॉकरच्या ओळी, प्रत्येक रॉकरच्या टोकाला छोटा स्क्रू आणि त्याला जखडणारा नट. सगळ्यावर मधाळ तपकिरी झाक. ही झाक वाईट नाही. ऑइल वेळच्या वेळी बदललेल्या जुन्या इंजिनावर ती असतेच. काळा चिकट गाळ कोपऱ्यांत साठलेला दिसला तर मात्र मागच्या मालकाच्या सवयी कळतात. इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरतं तेव्हा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे मिनिटाला दीड हजार वेळा फिरते. दर सेकंदाला एकेक व्हॉल्व्ह पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. असे सोळा. घाट चढताना आपण गिअर टाकून गप्पा मारत असतो तेव्हा या एवढ्याशा जागेत हे चाललेलं असतं.

कव्हर उघडलंच आहे तर टॅपेट सेटिंग करून घ्यावं, म्हणून आमच्या मिस्त्रींना घरी बोलावलं होतं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये जी फट असते ती एक मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपासची. एक्झॉस्टला जरा जास्त ठेवतात, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि तापून जास्त लांबतो. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक ऐकू येते. फट मोजायच्या फिलर गेजची पाती किती अडत सरकली पाहिजे हे आकड्यात सांगता येत नाही. ते मिस्त्रींच्या बोटांना माहीत आहे, माझ्या नाही, त्यामुळे तिथे मी टॉर्च धरून उभी राहिले.

सेटिंग उरकून ते चहा प्यायला बसले आणि मी घासायला. आता सांगते ते खरं काम.

आधी हेडवरचा उघडा भाग स्वच्छ कापडाने झाकायचा, कारण खरवडलेला प्रत्येक कण आत जायला टपलेला असतो. कापडही तंतू सुटणारं नको. जुनी सुती साडी उत्तम, टॉवेल नको. हेडच्या कडेवर सिलिकॉन एका जागी पापुद्र्यासारखं, एका जागी गाठ धरून बसलेलं. ब्लेड वापरायचा मोह होतो. मी कुल्फीच्या काड्या जमवून ठेवल्या होत्या. त्यांची टोकं तिरकी कापली की छान पातं होतं. लाकूड अॅल्युमिनियमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. काडी झिजली की पुन्हा कापायची. सरळ कड पटकन होते. वेळ खातात ते कोपरे: कॅमशाफ्टच्या दोन्ही टोकांना कमान असते, आणि कमान जिथे संपून सपाट कड सुरू होते त्या बेचक्यात जुना मसाला दडून बसतो. तिथे काडी शिरत नाही, नख शिरत नाही. दात कोरायच्या काडीने एकेक तुकडा उकरायचा, टिपायचा, पुन्हा उकरायचा. शेवटी थिनरमध्ये बुडवून पिळलेल्या कापडाने पुसायचं. कापड काळं निघालं की दुसरं घ्यायचं. काळं निघायचं थांबलं की झालं.

कव्हरच्या खाचेची कथा याहून लांब. ते गाडीवरून सुटं असल्यामुळे निदान मांडीवर घेऊन बसता येतं. डिझेलमध्ये बुडवून ब्रश मारला, मग साबण आणि कढत पाणी, मग उन्हात. खाच वरून स्वच्छ दिसत होती. बोट फिरवलं तर मध्येच एक खडबडीत टप्पा लागला, डोळ्याला न दिसणारा. तिथे सिलिकॉनचा पातळ पापुद्रा तळाशी घट्ट धरून होता. हे काम डोळ्यांनी होत नाही, बोटानेच होतं. खाचेची पूर्ण फेरी, मग उलटी फेरी.

मिस्त्री कप खाली ठेवून बघत होते. म्हणाले, "ताई, एवढं चकाचक करून काय, वर झाकणच बसणार." मी विचारलं, तुम्ही किती घासता? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गिऱ्हाईक बघून. असं बसून घासत राहिलो तर दिवसाला दोन गाड्या होतील. पोरांचे पगार कुठून द्यायचे?" याला माझ्या तक्त्यात उत्तर नव्हतं. त्या तक्त्यातच तर तसं लिहिलेलं होतं.

सिलिकॉनशी माझं वैर नाही. त्याची जागा ठरलेली आहे: कमान आणि सपाट कड जिथे मिळतात ते कोपरे. तिथे रबराला एकदम दिशा बदलावी लागते आणि बारीक फट राहू शकते. म्हणून त्या बेचक्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका. बस. सगळ्या कडेने वळी ओढली तर कव्हर दाबल्यावर जेवढं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं भरपूर लावलंय, आता गळायचं नाही. आतलं कधीतरी तुटतं, ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये, जिथे ऑइल साठतं तिथे, जातं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी बुजली की इंजिनाला ऑइल कमी पडणार. गळती थांबवायला लावलेला मसाला इंजिन खाऊ शकतो, तो असा.

पॅकिंग खाचेत बसवताना ते ओढायचं नाही. कोपरे आधी, सरळ भाग नंतर. कव्हर उलटं करून ठेवल्यावर पॅकिंग पडत नाही ना हे बघायचं आणि सरळ वरून खाली न्यायचं, सरकवत नव्हे. मग नट. या नटांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, दहा न्यूटन-मीटर. हा आकडा ऐकून काही बोध होत नाही, म्हणून असा हिशेब करावा: पान्याचा दांडा वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर धरला, तर त्याच्या टोकावर पाच किलोचा जोर. पाच किलो म्हणजे काहीच नाही. पान्याला दोन बोटं पुरतात. आधी सगळे नट हाताने टेकवायचे, मग मधल्यापासून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. बाबांच्या फियाटचं पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की नटाच्या जागी खड्डा पडायचा आणि दोन नटांच्या मधली कड वर उचलली जायची; मग ते ऐरणीवर ठेवून ठोकून सरळ करायचं. शेजारचे काका दर वेळी म्हणायचे, "अजून थोडं आवळा की, गळतंय ते." बाबा म्हणायचे, "आवळलं म्हणूनच गळतंय."

सिलिकॉनला वाळायला हवेतला दमटपणा लागतो, ऊन नव्हे. पुण्यात मे महिन्यापेक्षा जुलैत ते लवकर धरतं. घाई न करता रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वायरी आकड्यांप्रमाणे लावल्या, बॅटरी जोडली, गाडी सुरू केली. मॅनिफोल्डवर आधीच सांडलेलं ऑइल जळून संपेपर्यंत थोडा वास येतोच. तेव्हा घाबरून पुन्हा पाना उचलू नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती न बघता केलेलं हे सगळं काम वाया जाऊ शकतं. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटत असतो. तो इंजिनाच्या पोटात साठून दाब वाढू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. त्यातून हा वायू परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे, खेचला जातो. त्याची किंमत पॅकिंगहून फार वेगळी नसते, पण त्याचं नाव कुणी काढत नाही. तो गाळाने चोंदला की वायूला वाट उरत नाही, आणि मग तो जिथे सगळ्यात मऊ जागा सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. ती जागा म्हणजे हे वरचं पॅकिंग. दर वर्षी पॅकिंग बदलूनही ज्यांची गाडी गळते त्यांनी आधी हा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून बघावा. आत खुळखुळ वाजलं तर जिवंत आहे असं धरायला हरकत नाही. माझा वाजला नाही. नवा घातला.

पुढच्या रविवारी कव्हरच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी खंडाळ्यापर्यंत नेऊन आणली. गळती असेल तर कोरड्या पावडरीवर ओली रेघ उमटते. रेघ नव्हती. प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी मात्र बोटाला थोडं ऑइल लागलं. तिथे वेगळी ओ-रिंग असते आणि ती वेगळं प्रकरण आहे.

महिनाभराने मिस्त्रींचा फोन आला. कुणाचीशी वॅगनआर होती, वरचं पॅकिंग गेलेलं, आधीच्या कुणीतरी सिलिकॉनने लिंपून ठेवलेलं. "ताई, तुम्ही घासून देता का? पोराबरोबर कव्हर पाठवतो." मी म्हटलं पाठवा, आणि माझा तासाचा दर सांगितला. पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं. मग म्हणाले, "राहू द्या ताई. सिलिकॉनच स्वस्त पडतंय."